गाळलेली साखर जाते कुठे?

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याचे नाव एकदा बदलून झाले आहे. १७२४ मध्ये या गावाजवळ निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला आणि विजयाची खूण म्हणून गावाला फतेखेर्डा असे नाव दिले. पण नावातली साखर गेली नाही, ती परत आली. मूत्रपिंडाचा धडा शिकवताना मला हे गाव आठवते, कारण तिथेही गोष्ट काढून टाकलेली साखर परत घेण्याचीच आहे.

मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारी गाळणी, असे आपण वर्गात सांगून मोकळे होतो. एखादे चौकस पोर मग विचारते, ‘‘चहा गाळला की साखर चहाबरोबर खालीच जाते. मग लघवीत साखर का नसते?’’ प्रश्न साधा आहे. शास्त्रज्ञांना मात्र त्याच्या पक्क्या उत्तरासाठी ऐंशी वर्षे भांडावे लागले.

मूत्रपिंडातले बारीक गोळे इटलीतल्या माल्पिगीने १६६६ मध्येच वर्णन करून ठेवले होते. हे गोळे म्हणजे केशवाहिन्यांचे गुच्छ असून प्रत्येक गुच्छ एका नलिकेच्या पेल्यासारख्या टोकात बसलेला असतो, हे लंडनच्या बोमनने १८४२ मध्ये दाखवले. त्याचा अंदाज असा, की गुच्छातून नुसते पाणी येते आणि टाकाऊ पदार्थ नलिकेच्या पेशी त्यात घालतात. त्याच सुमारास जर्मनीतल्या लुडविगने नेमके उलटे सांगितले. रक्ताच्या दाबाने प्रथिने सोडून बाकी सगळे गाळले जाते आणि पुढे नलिकेतून बराच भाग रक्तात परत जातो. त्यानंतर हायडेनहाइनने प्राण्यांच्या रक्तात निळा रंग सोडला. तो गुच्छांत न दिसता नलिकांच्या पेशींत दिसला आणि पारडे बोमनकडे झुकले. वाद मिटेना, कारण गुच्छातून नेमके काय गळते ते कोणी चाखूनच पाहिले नव्हते!

ते काम अमेरिकेत फिलाडेल्फियाला रिचर्ड्स आणि वेर्न या दोघांनी केले. बेडकाचे मूत्रपिंड इतके पातळ असते, की जिवंत बेडकातही सूक्ष्मदर्शकाखाली एकेक गुच्छ दिसतो. त्यांनी काच तापवून, ओढून अतिशय बारीक टोकाची नळी केली, ती एका गुच्छाभोवतीच्या पेल्यात खुपसली आणि थेंबाचाही अंशच म्हणावा एवढा द्राव काढून तपासला. त्यात प्रथिने नव्हती, साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत साखर नव्हती. म्हणजे साखर गाळली गेली होती आणि वाटेत कुणीतरी ती उचलून घेतली होती. १९२४ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. हायडेनहाइनही अगदीच चुकला नव्हता. काही पदार्थ नलिका खरोखरच रक्तातून उचलून लघवीत टाकतात.

आता एक गणित फळ्यावर करून पाहा. माणसाच्या मूत्रपिंडांत दिवसाला सुमारे १८० लिटर द्राव गाळला जातो. आपल्या रक्तातला द्रवभाग असतो जेमतेम ३ लिटर. म्हणजे तो दिवसातून साठ वेळा गाळला जातो! दर लिटरमागे साधारण १ ग्रॅम ग्लुकोज धरले, तर रोज १८० ग्रॅम साखर रक्ताबाहेर पडते, म्हणजे पाच ग्रॅमचे छत्तीस चमचे. ती जवळजवळ सगळी परत घेतली जाते. पाणीही परत जाते आणि उरते दीडेक लिटर लघवी.

एवढा खटाटोप कशासाठी? दिवाळीपूर्वी आपण घरातले सामान अंगणात काढतो आणि हवे तेवढेच आत नेतो. नको असलेली वस्तू ओळखायची गरजच पडत नाही. जी आत नेली नाही, ती गेली. हे उचलून नेणे मात्र फुकट होत नाही, त्यासाठी पेशींना ऊर्जा खर्चावी लागते. उचलण्यालाही मर्यादा आहे. रक्तातली साखर १०० मिलीलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की सगळी उचलता येत नाही आणि लघवीत उतरते. लघवीकडे मुंग्या धावतात, असे जुन्या वैद्यांनी मधुमेहाचे लक्षण सांगितले, ते यामुळे.

साखरखेर्ड्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या तक्रारी गावोगाव ऐकू येतात. तिथल्या मुलांना डायलिसिस हा शब्द आपण शिकवावा लागत नाही. १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये कोल्फने सेलोफेनच्या लांब नळीतून रुग्णाचे रक्त फिरवले, तेव्हापासून हे यंत्र पुष्कळ सुधारले. पण ते गाळते, निवडून परत घेत नाही. म्हणून पडद्यापलीकडच्या पाण्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि बहुधा ग्लुकोजही आधीच मोजून घालून ठेवावे लागते, नाहीतर रक्तातले हवे ते पदार्थही नको त्यांच्याबरोबर निघून जातील. आठवड्यातून बहुधा तीनदा, दर खेपेला चार तास रुग्ण त्या यंत्राला जोडलेला असतो. धडधाकट मूत्रपिंडे हेच काम रात्रंदिवस करतात, आपल्याला पत्ताही न लागू देता.