दोरी, झुला आणि कर्तृत्व : वर्धा परिसराच्या निमित्ताने

मराठीत सर्कशीचा इतिहास लिहिला गेला तो प्रामुख्याने मालकांचा इतिहास म्हणून. १८७९ मध्ये किआरिनीची इटालियन सर्कस मुंबईस आली, तिच्या आव्हानातून विष्णुपंत छत्र्यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली, पुढे म्हैसाळच्या देवलांसारख्यांनी ती परंपरा चालविली, असा हा क्रम सांगितला जातो. या कथनात स्त्री येते, परंतु ती नात्याने येते. छत्र्यांच्या पत्नी स्वतः झुल्यावर काम करीत, हे बहुतेक वृत्तांतांत नोंदलेले आहे. मात्र ‘छत्रे यांची पत्नी’ या ओळखीपलीकडे त्यांतील फार थोडे वृत्तांत जातात. बंगालमध्ये प्रियनाथ बोस यांच्या सर्कशीत वाघांबरोबर काम करणाऱ्या सुशीलासुंदरीचे नाव तरी टिकले. झुल्यावरच्या, दोरीवरच्या, मानवी मनोऱ्यातल्या बायकांचे तेही टिकले नाही. एकटीचे धाडस आख्यायिका होऊ शकते. दहा जणींनी मिळून घडविलेली रचना ‘आयटम’ या एका शब्दात मावून जाते.

सामूहिक निर्मितीचे हे अनामिकत्व तंबूच्याही आधीचे आहे. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढलेला वर्धा जिल्हा मध्य प्रांताचा भाग होता, आणि त्या प्रांताच्या जातिजमातींचा जो कोश रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केला त्यात कोल्हाट्यांच्या नोंदीपुढे दांडेवाला, बांसबेरिया, कबुतरी ही पर्यायी नावे दिलेली आहेत. ही नावे लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहेत. पहिल्या दोहोंत साधन आहे, दांडा आणि बांबू. तिसऱ्यात हवेत उलटणाऱ्या कबुतराची आठवण आहे. मराठीतील ‘कोलांटउडी’ या शब्दाचे कोल्हाटी या नावाशी असलेले नाते तर उघडच दिसते. भाषेने या समूहाची कला क्रियापदासारखी आत्मसात केली, पण कर्ता मात्र गाळून टाकला.

डोंबाऱ्याच्या खेळाकडे प्रयोग म्हणून पाहिले तर त्याची रचना एकाची नाही हे ताबडतोब ध्यानात येते. फुलीसारख्या बांधलेल्या बांबूंच्या दोन जोड्या, मधला ताणलेला दोर, हाती आडवी काठी घेतलेली मुलगी आणि खाली ढोल. हा ढोल पार्श्वसंगीत नव्हे. पावलाची गती तो ठरवितो. दोर हलू लागला की तो संथ होतो, मुलगी सावरली की पुन्हा चढतो. अनेकदा तो आईच्या किंवा थोरल्या बहिणीच्या हाती असतो, आणि ती स्वतः कधीकाळी त्याच दोरावरून चाललेली असते. संहिता कोठेही लिहिलेली नाही; ती एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे जाते. ‘लेखकाच्या मृत्यू’ची चर्चा मराठी समीक्षेत पुष्कळ झाली. ज्यांना लेखकत्व कधी मिळालेच नाही त्यांच्या बाबतीत त्या मृत्यूचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

याचा अर्थ त्या समूहाचा गौरव करावा असा नाही. दोरावरची मुलगी तेथे स्वेच्छेने चढलेली नसते. तिचे सामूहिकत्व जन्माने आणि भुकेने ठरलेले असते.

तरीही एक विसंगती नजरेआड करता येत नाही. विसाव्या शतकात याच विदर्भात शरीराच्या कसरतीला प्रतिष्ठा लाभत होती. अमरावतीस १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. वर्ध्यात १९३६ मध्ये लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती काढली आणि शारीरिक शिक्षण हा तिच्या कार्यक्रमाचा पाया ठेवला. मध्यमवर्गीय स्त्रिया मैदानात एकत्र येऊन शिस्तबद्ध हालचाली करू लागल्या हे लहानसे स्थित्यंतर नव्हते. त्या संघटनेच्या विचारसरणीचे मूल्यमापन हा वेगळा विषय; येथे प्रश्न आहे तो शरीराच्या वर्गीकरणाचा. मैदानावरची कवायत ‘व्यायाम’ ठरली, दोरीच्या मल्लखांबावर चढणारी शाळकरी मुलगी ‘खेळाडू’ ठरली, आणि रस्त्यावरच्या दोरीवरची मुलगी? १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे यांच्याबरोबर खेळ करून दाखविणे हेही भिक्षेचे एक निमित्त म्हणून नोंदविले. कला ही येथे सबब आहे. एखाद्या प्रयोगप्रकाराविषयी याहून कठोर समीक्षा मराठी प्रदेशात क्वचितच लिहिली गेली असेल, आणि ती कायद्याच्या पुस्तकात आहे.

तंबूचे चित्रही पुढे बदलले. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबटे यांचे खेळ थांबले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. प्राणी गेल्यावर रिंगणात उरली ती माणसांची, आणि त्यांत मोठ्या प्रमाणावर स्त्रियांची, शरीरे. १८ एप्रिल २०११ च्या निकालाने मुलांना सर्कशीत कामास ठेवण्यास मनाई झाली. हा निकाल आवश्यकच होता. परंतु त्यामुळे लहानपणी सुरू होणाऱ्या शिक्षणाची जुनी साखळी तुटली आणि तिच्या जागी प्रौढ स्त्रीने स्वतः निवडावी अशी शाळा उभी राहिल्याचे चित्र मात्र दिसत नाही.

अन्यत्र ती निवड शक्य झाली. मेलबर्नच्या फुटस्क्रे भागात १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘विमेन्स सर्कस’ने लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना झुला आणि मनोरा शिकविला, अंगावर दुसरीचा भार घेणे, दुसरीच्या हातात स्वतःला सोडून देणे, यातूनच तेथील प्रयोग घडत गेले. भारतीय सर्कशींतून सोडविलेल्या नेपाळी तरुण-तरुणींनी २०१० मध्ये ‘सर्कस काठमांडू’ उभारली, हे उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक अस्वस्थ करणारे आहे. जे कौशल्य बळजबरीने अंगी बाणविले गेले तेच त्यांनी टाकून न देता आपले म्हणून पुन्हा हाती घेतले, आणि आपल्यावर काय गुदरले ते त्याच कौशल्याने सांगितले. कोल्हाटी स्त्रीचे जगणे किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनाने मराठी साहित्यात आणले. पण तेथेही बोलतो तो मुलगा. ढोल वाजविणाऱ्या आईने दोर हलताना ठेका का बदलला, हे तिच्याच शब्दांत अजून लिहिले जायचे आहे.