माळ्यावरचा ड्रमसेट: दुरुस्त करावा की विकावा?

मोठे घर सोडून लहान घरात जायची वेळ आली की माळा आणि गॅरेज रिकामे करावे लागते, आणि तिथून काय निघेल ते सांगता येत नाही. स्टीलचे डबे, पितळी समई, दिवाळी अंकांचे गठ्ठे तर असतातच. पण तुमच्या घरातल्या कोणी १९६०-७० च्या दशकात इथे येऊन हौसेने बँडमध्ये वाजवले असेल, किंवा मुलासाठी कोणाकडून जुने वाद्य स्वस्तात घेतले असेल, तर चादरीखाली एखादा ड्रमसेटही सापडतो. मग घरात तट पडतात. एक म्हणतो, नीट करून ठेवू. दुसरा म्हणतो, विकून टाकू. तिसरा म्हणतो, आधी चकचकीत करू, मग विकू; चांगले पैसे येतील. पहिल्या दोघांचे म्हणणे तुम्ही जरूर ऐका. तिसऱ्याचे ऐकू नका. का, ते या वाद्याच्या इतिहासातच दडलेले आहे.

ड्रमसेट हे तसे अर्वाचीन वाद्य. आपल्या पथकात ढोल एकाकडे, ताशा दुसऱ्याकडे, झांजा तिसऱ्याकडे असतात. पाश्चात्त्य लष्करी बँडमध्येही हीच कामाची वाटणी होती. १९०९ मध्ये शिकागोच्या लुडविग बंधूंनी मोठा ड्रम पायाने वाजवायचे पेडल बाजारात आणले. १९२० च्या दशकात पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी, म्हणजे हाय-हॅट, आली. पथकातल्या तिघा-चौघांचे काम एका खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे आले ते असे.

ब्रिटनमध्ये या वाद्याचे सर्वांत मोठे नाव म्हणजे प्रीमियर. अल्बर्ट डेला पोर्टा हा ड्रमवादक आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९२२ मध्ये लंडनला ही कंपनी काढली. १९४० च्या बॉम्बहल्ल्यांत कारखाना गेला, तेव्हा बिऱ्हाड लेस्टरला हलले आणि पुढे शेजारच्या विगस्टन गावात वाढले. दिवाळीचे दिवे पाहायला तुम्ही लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर गेला असाल, तर या गावापासून काही मैलांवर होता.

इथल्या माळ्यांवर लुडविगपेक्षा प्रीमियर जास्त का सापडावा, यालाही कारण आहे. महायुद्धानंतर ब्रिटनला डॉलरची टंचाई होती आणि अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर १९५० च्या दशकाच्या अखेरपर्यंत कडक निर्बंध होते. त्यामुळे ब्रिटिश पोरांनी ब्रिटिश ड्रम घेतले. रिंगो स्टारही आधी प्रीमियरच वाजवत असे. १९६३ मध्ये त्याने लंडनच्या ड्रम सिटी या दुकानातून लुडविग घेतला, आणि पुढे जगभरच्या पोरांना तोच हवासा झाला.

आता तुमच्या सेटकडे वळू. तबल्याची पुडी फाटली की आपण ती बदलून आणतो. खोड मात्र पिढ्यान्पिढ्या तेच राहते. ड्रमचेही तसेच आहे. त्याचे पान हे झिजण्यासाठीच असते. पूर्वी ही पाने वासराच्या कातड्याची असत आणि दमट हवेत सैल पडत. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही हे माहीत असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. १९५७ च्या सुमारास प्लास्टिकची पाने आली आणि ही कटकट संपली. पाने, नमदे, स्नेअरच्या तारा बिनदिक्कत बदला. जुन्या काढून पिशवीत ठेवा, फेकू नका.

पण पाने मागवण्याआधी मोजपट्टी काढा. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत प्रीमियरचे बरेचसे ड्रम आजच्या प्रमाणित मापापेक्षा किंचित मोठे असत. पुढे कंपनीने आंतरराष्ट्रीय माप स्वीकारले. म्हणजे दुकानातले बारा किंवा चौदा इंची पान तुमच्या बारा किंवा चौदा इंची ड्रमवर बसेलच असे नाही. ते बसत नाही म्हणून खोडाची कड घासून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. या मापाची पाने खास मागवून मिळतात. घासलेले लाकूड परत येत नाही.

हेच सूत्र बाकीच्या भागांना लावा. लाकडी खोड, त्याची कड, मूळ आवरण, कंपनीचा बिल्ला, क्रोमच्या पकडी आणि कडी: ही या वाद्याची ओळख. मोतिया आवरण उन्हाने पिवळे पडले असेल तर पडू द्या. ते बहुधा सेल्युलॉइडचे असते. ते चटकन पेट घेते, म्हणून त्याला उष्णता दाखवू नका आणि ते खरवडूही नका. खोडाला नवे भोक पाडू नका. झांजा चिंच लावून घासायचा मोह होईल, कारण आपल्याला पितळ लखलखीत आवडते. पण तशा घासण्याने झांजेवरचा छापील शिक्का जातो आणि त्याबरोबर किंमतही. आधी तो शिक्का वाचा. प्रीमियरच्या बऱ्याच सेटबरोबर झिन किंवा सुपर झिन असते. पण त्यांत इस्तंबूलची जुनी झिल्जियन निघाली, तर ती एकटी बाकी सेटहून महाग ठरू शकते.

पैशांचेही स्पष्ट बोलू. ‘द हू’च्या कीथ मूनचा प्रीमियर सेट २००४ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे १ लाख ४० हजार पौंडांना गेला. रिंगोचा १९६३ चा लुडविग २०१५ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. तुमचा सेट त्याच कारखान्यातला, त्याच काळातला असला, तरी बहुधा काही शे पौंडांत जाईल. लाकूड तेच असते. भाव वाजवणाऱ्या हाताचा असतो. सामान्य सेटचा भाव ठरतो तो किती भाग मूळचे आणि सुटे न झालेले आहेत यावर. नवे आवरण आणि पुन्हा क्रोम चढवण्यावर जो खर्च होतो तो विक्रीत सहसा निघत नाही, उलट जाणकार गिऱ्हाईक मागे फिरते. तिसऱ्याचे ऐकू नका म्हणालो ते म्हणून.

तेव्हा निर्णय एका प्रश्नावर येतो: हा सेट यापुढे कोण वाजवणार? घरात नातवंड असेल, मंडळाच्या कार्यक्रमात बसणारा कोणी असेल, तर पाने बदला, घट्ट बसलेले स्क्रू तेल देऊन मोकळे करा आणि वाजवू द्या. कोणीच नसेल, तर धूळ मऊ फडक्याने पुसा, स्टँड, पेडल, चावी, पेट्या सगळे एकत्र ठेवा, डागांसकट छायाचित्रे काढा आणि आहे तसा विका. ज्याला तो दुरुस्त करायचा असेल, तो स्वतःच्या आवडीने करील.

विका किंवा ठेवा, एक काम मात्र करा. हा सेट कोणी घेतला, कुठून, कधी, कोणत्या सभागृहात वाजला, हे एका कागदावर लिहा. बँडचा एखादा फोटो असेल तर त्याची प्रत जोडा. लिलावात त्या कागदाला कोणी पैसे देणार नाही. पण आपल्या माणसांनी या देशात नोकरी सांभाळून आणखी काय काय केले, याची नोंद फार थोड्या ठिकाणी आहे, आणि त्यातली एक सध्या तुमच्या माळ्यावर आहे. माहिती असणारे माणूस घरात आहे तोवर ती लिहून घ्या.