इन-इअर मॉनिटर : ध्वनितुलना

कानाच्या नळीत घट्ट बसणाऱ्या उंची इअरफोनच्या आवाजाची एकमेकांशी ताडून केलेली पारख. अशा इअरफोनला व्यवहारात ‘आयईएम’ म्हणतात. मुळात हे रंगमंचावरील गायक-वादकांचे साधन; गेल्या तीन दशकांत ते घरी बसून संगीत ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचले आणि त्याच्या किमती चढत गेल्या. सेनहायझरचा ‘आयई ९००’ २०२१ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याची किंमत सुमारे १,३०० डॉलर होती. ६४ ऑडिओच्या ‘यू१८टी’ची सुमारे ३,००० डॉलर. या पातळीवरच्या दोन नगांत डावे-उजवे करणे जाणकाराचे काम मानले जाते. मात्र अशा तुलनांत नोंदवलेले बरेचसे फरक कानातली बैठक, आवाजाची पातळी आणि वाजवणारे उपकरण यांतून आलेले असतात. म्हणून प्रस्तुत नोंदीत या तीन बाबींना अधिक जागा दिली आहे.

इतिहास : रंगमंचावर कलावंताला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या पायाशी तिरके स्पीकर ठेवण्याची पद्धत होती. वाद्ये मोठ्याने वाजू लागली की हे स्पीकरही वाढवावे लागत, त्यांचा आवाज मायक्रोफोनमध्ये परत शिरून शिट्टी वाजे आणि वर्षानुवर्षे असे वाजवणाऱ्यांचे कान जात. स्पीकर हटवून आवाज थेट कानात देण्याचे प्रयोग १९७० व १९८० च्या दशकांत अमेरिका आणि इंग्लंडमध्ये झाले. पहिला मान कोणाचा याबद्दल एकमत नाही. १९९५ मध्ये व्हॅन हेलन या रॉक वाद्यवृंदाचे मॉनिटर अभियंता जेरी हार्वी यांनी ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या मापाचा इअरफोन बनवला आणि त्यातून ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. २००८ मध्ये ती लॉजिटेकने घेतली. हार्वी यांनी त्याआधीच, २००७ मध्ये, ‘जेएच ऑडिओ’ सुरू केली होती.

दुसरा प्रवाह श्रवणवैद्यकातून आला. मीड किलियन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात स्थापन केलेल्या ‘एटिमॉटिक रिसर्च’ने आधी श्रवणचाचणीसाठी कानात खुपसायचे इअरफोन बनवले आणि १९९१ मध्ये संगीतासाठी ‘ईआर-४’ आणला. त्यात प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा भाग) आणि नळीत खोलवर जाणारी तीन पाकळ्यांची रबरी टोपी होती. कमी बास आणि अत्यंत सरळ स्वभाव यांमुळे तो पुष्कळांना आवडला नाही. पण मोजमाप करणाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षे तुलनेसाठी तोच हाताशी ठेवला.

ड्रायव्हर : मुख्य प्रकार चार. डायनॅमिक प्रकारात गुंडाळी चिकटवलेला पडदा चुंबकीय क्षेत्रात हलतो. बॅलन्स्ड आर्मेचर हा श्रवणयंत्रांतून आलेला प्रकार. चुंबकांमध्ये तोललेली बारीक पट्टी एका छोट्या पडद्याला ढकलते. अमेरिकेतील नोल्स आणि डेन्मार्कमधील सोनिऑन या दोन कंपन्यांची आर्मेचरे कित्येक ब्रँडांच्या महागड्या मॉडेलांत सापडतात. इलेक्ट्रोस्टॅटिक आणि प्लेनर हे उरलेले दोन.

एका कानात किती ड्रायव्हर आहेत, यावर विक्रेते भर देतात. ‘यू१८टी’मध्ये अठरा आर्मेचरे आहेत. सोनीच्या ‘आयईआर-झेड१आर’मध्ये तीन ड्रायव्हर (दोन डायनॅमिक, एक आर्मेचर), तर ‘आयई ९००’मध्ये ७ मिमी.चा एकच डायनॅमिक. तिन्ही आपापल्या कंपनीची वरच्या श्रेणीतली मॉडेले आहेत. तेव्हा संख्येवरून दर्जा ठरवता येत नाही. ड्रायव्हरपुढची नळी, तिच्यातली जाळी, आतले फिल्टर आणि हवेला ठेवलेली वाट यांनी आवाज तितकाच बदलतो. शुअरच्या ‘एसई८४६’मध्ये बासच्या आर्मेचरपुढे पोलादाच्या पातळ पत्र्यांत कोरलेली लांब वळणदार वाट आहे, वरच्या पट्टीचा आवाज तिथेच अडतो आणि फक्त खर्ज बाहेर पडतो.

कानाची रचना : प्रौढ माणसाच्या कानाची नळी साधारण २५ मिमी. लांब असते. ती उघडी असताना २,७०० ते ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज कानाच्या पडद्यापाशी आपोआप वाढतो आणि मेंदूला ती वाढ सवयीची असते. नळीचे तोंड इअरफोनने बंद झाले की हा अनुनाद मोडतो. त्यामुळे चांगल्या आयईएमला तेवढी वाढ स्वतःहून द्यावी लागते. इअरफोनच्या मोजलेल्या प्रतिसादाच्या आलेखावर ३,००० हर्ट्झजवळ दिसणारा उंचवटा दोष नसून गरज आहे.

बंद नळीचा स्वतःचा अनुनाद आणखी वर येतो, आणि तो नेमका कुठे येईल हे इअरफोन किती आत गेला यावर ठरते. नळी सरळ मानली आणि टोकापासून पडद्यापर्यंत २० मिमी. पोकळी उरली, तर तो सुमारे ८,६०० हर्ट्झला येतो, १५ मिमी. उरली तर ११,४०० हर्ट्झच्या आसपास. टोपीचा आकार बदलला की ही पोकळीही कमी-जास्त होते. एकच नग एकाला ‘काचेसारखा स्वच्छ’ आणि दुसऱ्याला ‘टोचणारा’ का वाटतो, याचा उलगडा पुष्कळदा इथेच होतो.

खालच्या टोकाला प्रश्न गळतीचा. टोपी आणि कातडी यांच्यात बारीक फट राहिली तरी शंभर हर्ट्झच्या खालचा आवाज ओसरतो. डावा कान नीट बंद आणि उजवा किंचित उघडा असेल तर बास एका बाजूला झुकतो. ‘या मॉडेलला बास नाही’ असा शेरा देण्याआधी टोपीचे निदान तीन आकार आणि फोमची एक जोडी लावून पाहावी. पुष्कळांचे दोन कान दोन वेगळ्या मापांचे असतात, हेही ध्यानात घ्यावे.

मापन : आयईएम मोजण्यासाठी कानाची नक्कल करणारा धातूचा कपलर वापरतात. त्याचे प्रमाण १९८१ मध्ये ‘आयईसी ७११’ (नंतरचा क्रमांक ६०७११) या नावाने ठरले; पुढे २०१० मध्ये ‘आयईसी ६०३१८-४’ने त्याची जागा घेतली. जुना ‘७११’ हा आकडा मात्र बोलण्यात टिकून आहे. १०,००० हर्ट्झपर्यंतच हा कपलर माणसाच्या कानासारखा वागतो असे धरले जाते. त्यापुढच्या आलेखावर बोट ठेवून दोन नगांत फरक सांगणे धाडसाचे आहे. ब्र्यूएल अँड क्येअर या डॅनिश कंपनीच्या ‘५१२८’ या कृत्रिम मस्तकात खऱ्या कानांच्या आकारावरून बेतलेली नळी असून तिची मापे जुन्या कपलरपेक्षा खर्जातही वेगळी येतात. दोन निरनिराळ्या साधनांवर काढलेले आलेख एकमेकांवर ठेवून तुलना करू नये.

आलेख कोणत्या रेषेशी जुळावा, हा वादाचा विषय आहे. सर्व दिशांनी सारख्या येणाऱ्या ध्वनीचा पाया घेण्याची मांडणी गुंटर थाइले यांनी १९८६ मध्ये स्टुडिओ हेडफोनांसाठी केली. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून रेषा काढली. इन-इअर इअरफोनांच्या चाचणीत त्यांनी ३० मॉडेले ७१ श्रोत्यांकडून पारखून घेतली. प्रत्यक्ष तीस नग कानात घालत बसण्याऐवजी प्रत्येकाचा मोजलेला प्रतिसाद एकाच चांगल्या इअरफोनवर इक्वलायझरने उतरवला, म्हणजे बैठक व ब्रँड दोन्ही बाजूला पडले. या रेषेतला बास आणि ३,००० हर्ट्झचा भाग काहींना जास्त वाटतो. यर्यून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोन-इअरफोनांचे प्रतिसाद किमतींशी ताडून पाहिले; दोहोंत संबंध आढळला नाही.

तुलनेची पद्धत : पहिली अट पातळी सारखी करण्याची. दोन आवाजांत अर्ध्या-एक डेसिबलचा फरक असेल तर तो ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही; मोठा असलेला अधिक स्पष्ट, अधिक भरदार वाटतो, आणि ते श्रेय यंत्राला जाते. काटेकोर चाचणीत ०.२ डेसिबलच्या आत पातळी जुळवतात. इथेही पेच आहे. दोन आयईएमचा स्वभाव वेगळा असला तर १,००० हर्ट्झला जुळवलेली पातळी खर्जात जुळत नाही. व्यापक पट्टीचा गुलाबी गोंगाट (पिंक नॉइज) वाजवून कपलरवर जुळवणे त्यातल्या त्यात बरे. शिवाय आवाज हळू केला की कानाला बास कमी जाणवतो (समप्रबलता वक्र, फ्लेचर व मन्सन, १९३३). म्हणून रात्री हळू ऐकून दिलेले मत आणि लोकलच्या डब्यात ऐकून दिलेले मत शेजारी ठेवता येत नाहीत.

दुसरी अट झटपट अदलाबदलीची. आवाजाचा बारीक पोत स्मरणात काही सेकंदच टिकतो. एक नग काढून दुसरा बसवेपर्यंत त्याहून जास्त वेळ जातो, आणि डोळे बांधले तरी बोटांना व कानाला आकार ओळखू येतो. त्यामुळे स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायर यांच्यासारखी खरी अंध चाचणी प्रत्यक्ष नग अदलून-बदलून आयईएमची होत नाही. घरी करता येण्याजोगा उपाय : एकच वीस-तीस सेकंदांचा तुकडा निवडावा, दर वेळी टोपी पुन्हा बसवावी, त्याच नगाचे दोन प्रयत्न आपसात किती वेगळे वाटतात ते आधी पाहावे. त्याच नगाच्या दोन प्रयत्नांत जेवढा फरक पडतो तेवढाच दोन नगांत दिसत असेल, तर नोंदवण्यासारखे काही हाती आलेले नाही.

चाचणीचे संगीत : प्रचलित याद्यांत पाश्चात्त्य जॅझ व पॉपचाच भरणा असतो. हिंदुस्थानी संगीतातला तंबोरा त्याहून कठोर परीक्षा घेतो, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. काळी एक या पट्टीच्या षड्जाला लावलेल्या तंबोऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते आणि जवारीमुळे तिच्यातून हजारो हर्ट्झपर्यंत स्वरांश फुटत राहतात. जवारी अशी साधते : घोडीचा पृष्ठभाग किंचित गोलसर असतो, त्यावर तारेखाली सुताचा जीव सरकवतात आणि तार त्या पृष्ठभागाला चाटत राहते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला याच घोडीचा अभ्यास करून दाखवले, की तार जिथे छेडली तिथे निष्पंद असणारे, म्हणजे नियमाने उमटू नयेत असे स्वरांशही तंबोऱ्यात उमटतात. एकाच छेडीनंतर हे स्वरांश वरून खाली ओघळत येतात. चांगल्या आयईएमवर ती उतरण अखंड ऐकू येते. ३,००० ते ५,००० हर्ट्झ वाढवलेल्या नगावर जवारी पत्र्यासारखी वाजते. तिथेच खड्डा असलेल्या नगावर तार जवारी न काढल्यासारखी मुकी लागते. बास फुगवलेल्या नगावर खर्जाची तार जोडीच्या तारांना झाकते. दोन तंबोरे डावी-उजवीकडे असलेले ध्वनिमुद्रण मिळाले तर दोन्ही कानांची जुळणीही तपासून होते. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या जवारी काढणाऱ्या कारागिराचा कान या कामी कोणत्याही समीक्षकापेक्षा तयार असतो.

तबल्यात डग्ग्याची घिस पाहावी. तळहात पुढे सरकताना स्वर चढतो. तो प्रत्येक पायरीला सारख्या जोराने आला पाहिजे. मध्येच एखादा स्वर उसळला तर तिथे उंचवटा आहे असे समजावे.

मराठी गाण्यात ‘चाक’मधला दंत्य च आणि ‘चार’मधला तालव्य च यांची घर्षणाची पट्टी वेगळी असते, दंत्याची वर. ६,००० ते ९,००० हर्ट्झमध्ये टोकदार शिखर असलेल्या आयईएमवर दंत्य च, स आणि झ टोचतात, तालव्य तेवढे टोचत नाहीत. हा पट्टा दाबलेल्या नगावर दोन्ही च एकसारखे होतात. नाट्यसंगीत किंवा भावगीताचे एखादे स्वच्छ, आधुनिक मुद्रण यासाठी पुरते. अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकांच्या ७८ आरपीएम तबकड्या ऐकायला अमोल, पण त्यांतली वरची पट्टी मुळातच उमटलेली नसल्याने चाचणीला निरुपयोगी.

वाजवणारे उपकरण : अनेक आर्मेचरांच्या आयईएमचा विद्युत् रोध कंप्रतेनुसार बदलतो. समजा तो एका ठिकाणी ५ ओहम आणि दुसऱ्या ठिकाणी ३० ओहम आहे. वाजवणाऱ्या उपकरणाचा स्वतःचा निर्गमरोध १ ओहम असेल तर या दोन ठिकाणांच्या पातळीत सुमारे १.३ डेसिबलचा फरक पडतो. १० ओहम असेल तर तो ७ डेसिबलपर्यंत जातो. म्हणजे तोच नग जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर वेगळ्याच मॉडेलसारखा वाजतो. एकाच डायनॅमिक ड्रायव्हरच्या नगांत हा त्रास सहसा नसतो. तुलना करताना निर्गमरोध १ ओहम किंवा त्याहून कमी असावा. अतिसंवेदनशील आयईएमवर उपकरणाची पार्श्वभूमीची खरखरही ऐकू येते.

परिभाषा : ‘डिटेल’, ‘साउंडस्टेज’, ‘इमेजिंग’ हे शब्द सर्वत्र वापरले जातात, पण त्यांची मोजता येणारी सर्वमान्य व्याख्या नाही.

केबल व ‘बर्न-इन’ (नवा नग काही काळ वाजवून मुरवणे) : दोहोंनी आवाज सुधारतो असे मानणारे बरेच आहेत; नियंत्रित चाचणीतला पुरावा तोकडा आहे.

साच्यावर बनवलेले नग : कानात फोमचा बोळा अडकवून त्यावर सिलिकोन भरतात आणि घट्ट झालेला साचा बाहेर काढतात. गायकांसाठी तोंड उघडे ठेवून साचा घेणे बरे, कारण जबडा हलला की नळीचा आकार बदलतो आणि मिटल्या तोंडाने घेतलेला साचा तान घेताना गळू लागतो. पूर्ण बंद कवचामुळे कानात हवेचा दाब साठतो. ६४ ऑडिओने त्यासाठी ‘एपेक्स’ नावाच्या बदलता येणाऱ्या झडपा दिल्या, ज्या बदलल्या की बाहेरचा आवाज अडवण्याची क्षमता आणि बास दोन्ही बदलतात. साच्याचा नग दुसऱ्याच्या कानात बसत नाही, म्हणून त्याच्या तुलना एकेका मालकाच्याच असतात. प्रसिद्ध होणारी बहुतेक परीक्षणे सर्वांना बसणाऱ्या आवृत्तीवरून लिहिली जातात, आणि त्याच मॉडेलच्या साच्याच्या नगाला ती जशीच्या तशी लागू पडत नाहीत.