गरीबखाना : एका नम्र शब्दाची कुळकथा

पाहुणा दारात आला की आपण म्हणतो, "या, गरिबाच्या घरी पायधूळ झाडलीत, बरे वाटले." चुलीवर पुरण शिजत असले तरी निमंत्रण मात्र "चटणी-भाकर खायला या" असेच द्यायचे. इंग्रज माणूस आपल्या घराला 'हंबल अबोड' म्हणतो, तोही याच गोत्रातला शब्द. आपल्याच घराला कमी लेखण्याची ही रीत आली कोठून आणि ती कोणाच्या तोंडी शोभते, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

आपल्याकडे या रीतीला फारसीने दरबारी पोशाख चढविला. फारसीत खाना म्हणजे घर. दवाखाना, जामदारखाना, तोफखाना ही सारी त्याच घराण्यातली लेकरे. शिवकाळात राज्याचे अठरा कारखाने होते. कारखाना म्हणजे कामाचे घर. दरबारी अदबीचा नियम असा, की समोरच्याचे घर कसेही असो, तो दौलतखाना. आपले घर कसेही असो, तो गरीबखाना. पण त्यातल्या 'गरीब' या शब्दाकडे नीट पाहा. तो मूळचा अरबी, आणि तेथे त्याचा अर्थ निर्धन असा नाही. परका, आपल्या मुलखापासून दूर पडलेला, तो गरीब. आपल्यापर्यंत येता येता तो कंगाल झाला. परका माणूस आणि कंगाल माणूस एकाच शब्दात राहू लागले, ही गोष्ट कामगाराने विसरू नये.

आता इंग्रजांकडे वळू. जेन ऑस्टिनबाईंच्या 1813 च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीत कॉलिन्स नावाचा एक पाद्री आहे. तो आपल्या घराला 'हंबल अबोड' म्हणतो आणि लगेच सांगतो, की माझ्या आश्रयदात्या बाईसाहेबांचे उद्यान येथून हाकेच्या अंतरावर आहे! नम्रतेच्या ताटात बढाईचे पक्वान्न वाढायचे, ही त्याची तऱ्हा. 1850 साली पूर्ण झालेल्या डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला उरिया हीप हा कारकून ऊठसूट आपण आणि आपले घर किती क्षुद्र आहे हे घोकतो, आणि आतून धन्याचाच कारभार पोखरतो. तो लबाड आहे खरा. पण लेखकाने त्याच्या तोंडून आणखी एक गोष्ट वदविली आहे: ही लीनता त्याला धर्मादाय शाळेत लहानपणीच शिकविली गेली. मोठ्यांपुढे टोपी काढावी, वाकावे, आपली पायरी ओळखावी, हे गरिबाच्या पोराचे पहिले पाठ होते. म्हणजे एकच शब्द पाद्र्याने हौसेने वापरला आणि कारकुनाला तो सक्तीने पाठ करावा लागला.

कृष्णा-तारळीच्या संगमावरच्या आपल्या उंब्रजेत आणि आसपासच्या गावांत याचा पडताळा सहज मिळेल. गावाचा आकार आपण उंबऱ्यांवर मोजतो. पण उंबरा वाड्यालाही असतो आणि पाचटाने शाकारलेल्या छपरालाही. आढ्यातून चांदणे दिसते त्या घराला मराठीने 'चंद्रमौळी' असे देवाचे नाव दिले. नाव गोड आहे. पण मृगाच्या पावसात त्या घरात रात्र काढणारी बाई ते नाव घेत नाही. ती म्हणते, "घर गळतंय." वाटाघाटींच्या निमित्ताने आम्ही एका मालकांच्या 'झोपडी'त चहा घेतला आहे. त्या झोपडीला तीन मजले होते.

याच मुलखातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली. ती मुंबईच्या जागेला घर म्हणत नसत. "खोलीवर जातो" म्हणजे परळला, आणि "घरी जातो" म्हणजे गावी. एका पाळीचे लोक कामावर गेले की दुसऱ्या पाळीच्यांनी त्याच जागेवर अंग टाकायचे, अशा त्या खोल्या. 1920 नंतर सरकारी विकास खात्याने बांधलेल्या बीडीडी चाळींत एका कुटुंबाच्या वाट्याला 160 चौरस फूट आले. 'हंबल' म्हणायला तेथे वाव नव्हता. तेथे मापच बोलत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो लांबला, आणि अनेकांची खोलीही सुटली. गिरण्यांच्या जमिनीवरील घरांसाठी अर्ज केलेले हजारो कामगार व त्यांचे वारस अजून वाट पाहत आहेत.

वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे असेच मुंबईला गेले. 1959 साली 'फकिरा' लिहिणारा हा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिला. त्यांनी आपल्या जागेला झोपडी म्हटले असेल तर तो विनय नव्हता, पत्ता होता.

आणि आज? दर हंगामात बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या आपल्या शिवारात येतात आणि कोप्या घालून राहतात. चार बांबू, वर पाचट किंवा ताडपत्री, आत चूल आणि लेकरू. कारखाना म्हणजे कामाचे घर असे आम्ही वर म्हटले. त्या घराला ऊस पुरविणाऱ्याला स्वतःचे घर सहा-सहा महिने नाही. परका आणि निर्धन, हे दोन्ही अर्थ ज्याला लागू पडतात, तो अरबीतला आणि मराठीतला खरा गरीब तेथे बसलेला आहे. त्याच्या कोपीपाशी गेलात तर तो "गरीबखान्यात या" म्हणणार नाही. तो पोते अंथरून म्हणेल, "बसा."

पाहुण्यापुढे लीन व्हावे, ही रीत चांगली आहे. ती मोडा असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याला आपल्या घराला वाडा म्हणता येते, त्याने त्याला झोपडी म्हणणे हा विनय. ज्याला दुसरा शब्दच उपलब्ध नाही, त्याच्याकडून आपण विनयाची अपेक्षा करू नये. त्याच्या डोक्यावर पक्के छप्पर आले, की तोही एक दिवस हसत हसत आपल्याला म्हणेल, "या, गरिबाची झोपडी आहे." तो शब्द त्याच्या तोंडी थट्टेचा व्हावा, यासाठीच संघटना असते.