अश्वशक्ती, मोटारगाडीची जाहीर
जुन्या मोटारगाड्यांच्या माहितीपत्रकांत दिलेले एंजिनाच्या अश्वशक्तीचे आकडे परस्परांशी ताडून पाहणे अवघड असते. पुष्कळदा हे आकडे निरनिराळ्या पद्धतींनी काढलेले असतात. त्यांतील काही फरक एंजिनातला असतो, तर काही केवळ मोजमापातला.

एककातील फरक किरकोळ आहे. जेम्स वॉट यांची अश्वशक्ती मिनिटाला ३३,००० फूट-पौंड, म्हणजे सु. ७४६ वॉट, तर यूरोप खंडात रूढ झालेली मेट्रिक अश्वशक्ती सु. ७३५.५ वॉट. ब्रिटनमधील करआकारणीची अश्वशक्ती मात्र मोजलेली नसून गणिताने काढलेली असे. सिलिंडराच्या इंचांतील व्यासाचा वर्ग करून त्यास सिलिंडरांच्या संख्येने गुणावयाचे व २.५ ने भागावयाचे, असे रॉयल ऑटोमोबाइल क्लबचे सूत्र होते. दट्ट्याच्या धावेची लांबी त्यात धरलेलीच नव्हती. साहजिकच कर वाचविण्यासाठी अरुंद सिलिंडर व लांब धाव असलेली एंजिने तेथे दीर्घकाळ बनत राहिली. ऑस्टिन सेव्हन या गाडीची सूत्राने येणारी अश्वशक्ती ७.८ होती, प्रत्यक्षातील १० हून अधिक होती.

अमेरिकेत १९७१ पर्यंत सर्रास स्थूल अश्वशक्ती जाहीर करीत. चाचणीच्या वेळी हवा-गाळणी, गाडीतील निष्कास नळ्या, पंखा इ. शक्ती खाणारे भाग बाजूला ठेवीत. १९७२ च्या गाड्यांपासून हे सर्व भाग जोडून मोजलेली निव्वळ अश्वशक्ती देण्यात येऊ लागली. कॅडिलॅक एल्डोराडोच्या ८.२ लिटर एंजिनाचा आकडा १९७० मध्ये ४००, १९७१ मध्ये ३६५ आणि १९७२ मध्ये २३५ असा आहे. पहिली घट संपीडन गुणोत्तर कमी केल्यामुळे झालेली, म्हणजे खरी होय. दुसरी बहुतांशी कागदावरची.

महाराष्ट्रातील परिचित उदाहरण कुर्ला (मुंबई) येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या फियाट ११०० चे. १९५३ मधील मूळ इटालियन गाडीच्या १,०८९ घ. सेंमी. एंजिनाची शक्ती ३६, तर तिच्या वेगवान प्रकाराची सु. ५० अश्वशक्ती सांगितली जाई. त्याच घनफळाच्या प्रीमियर पद्मिनीची शक्ती सु. ४० होती. सिलिंडर तेवढेच असूनही संपीडन गुणोत्तर व कार्ब्युरेटर बदलल्याने पडलेला हा फरक आहे. त्याला मोजमापाची लबाडी म्हणता येणार नाही.

चाचणीच्या हवेचाही प्रश्न असतो. जुन्या जर्मन मानकात आकडा २०° से. तापमान व ७६० मिमी. पाऱ्याचा दाब यांस अनुसरून दुरुस्त करीत. नांदेड जिल्ह्यातील बिलोली येथे मे महिन्यात तापमान ४२° से. आणि समुद्रसपाटीपासून उंची सु. ३५० मी. धरली, तर हवा विरळ झाल्याने त्याच सूत्रानुसार ४० अश्वशक्तीच्या एंजिनाकडून सु. ३७ च मिळतील. मुंबईत घाट सहज चढणारी गाडी मराठवाड्याच्या उन्हात कुथू लागली, तर दोष मिस्त्रीचाच असतो असे नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये गाडीच्या नमुन्याची चाचणी मान्य संस्थेकडून करून घ्यावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही त्यांपैकी एक होय. त्यापूर्वीच्या गाड्यांचे आकडे वाचताना ते स्थूल की निव्वळ, हे माहितीपत्रकातील बारीक अक्षरांत शोधावे लागते, आणि पुष्कळदा तेथेही ते दिलेले नसते.