चौकातील पेट्या आणि पाच विद्यार्थी

एखाद्या गरीब, हुशार मुलाच्या शिक्षणासाठी हाक दिली, तर आपल्या धर्मग्रामांत सहसा कुणी पाठ फिरवत नाही. फीचे पैसे उभे राहतात, पुस्तके मिळतात, राहण्याची सोय होते. मात्र तोच मुलगा पदवी घेऊन परत येतो आणि 'मला नोकरी नको, चार मित्रांबरोबर स्वतःचा कारखाना काढायचा आहे, भांडवलाला हातभार लावाल का?' असे विचारतो, तेव्हा आपले हात आखडतात. शिक्षणाला दिलेला पैसा पुण्याचा आणि उद्योगाला दिलेला पैसा बुडीत, अशी वाटणी आपण मनोमन करून ठेवली आहे. ही वाटणी योग्य आहे काय? या प्रश्नाचा विचार करताना स्पेनच्या बास्क प्रदेशातील मोंद्रागोन या गावाचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो.

स्पेनमधील यादवी युद्ध १९३९ साली संपले. ५ फेब्रुवारी १९४१ रोजी मोंद्रागोन येथे एक तरुण धर्मगुरू साहाय्यक म्हणून दाखल झाले. त्यांचे नाव फादर होसे मारिया अरिस्मेंदियारिएता. जन्म १९१५ चा, शेतकरी कुटुंबातील. बालपणी झालेल्या अपघातात त्यांचा डावा डोळा गेला होता. युद्धकाळात बास्क भाषेतील वृत्तपत्रात काम केल्यामुळे त्यांना तुरुंगवास घडला होता. गुरुदीक्षेनंतर बेल्जियममधील लुव्हेन येथे समाजशास्त्राचा अभ्यास करावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु बिशपांनी त्यांना या डोंगराळ कामगारवस्तीत पाठविले. त्यांची प्रवचने सुरुवातीला लोकांना मुळीच रुचली नाहीत. व्यासपीठावर न रंगणारा हा धर्मगुरू पुढे सायकलवरून गावभर हिंडत माणसे जोडू लागला.

गाव गरिबीने आणि पराभवाने खचलेले होते. तेथे कुलपे व लोखंडी सामान तयार करणारा एक मोठा कारखाना होता. त्याची शिकाऊ कामगारांची शाळा होती. पण तिचे दार प्रामुख्याने कारखान्यातील कामगारांच्या मुलांनाच उघडे होते. हे दार सर्वांना उघडावे, अशी विनंती फादरांनी केली. ती मानली गेली नाही. तेव्हा त्यांनी गावालाच हाक दिली. चौकाचौकांत पेट्या ठेवण्यात आल्या. ज्याला जे देणे शक्य असेल, ते त्याने चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावे: कुणी पैसे, कुणी श्रम. सुमारे ६०० चिठ्ठ्या जमल्या. ज्यांनी दिले, त्यांना शाळेच्या कारभारात मताचा अधिकार मिळाला. १० ऑक्टोबर १९४३ रोजी अवघ्या २० विद्यार्थ्यांनिशी तंत्रशाळा सुरू झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दाता आणि याचक अशी दोन टोके फादरांनी ठेवलीच नाहीत. देणारा हा संस्थेचा भागीदार झाला आणि घेणारा हा गावाचा विश्वस्त झाला.

शाळेतून बाहेर पडलेल्या काही तरुणांना पुढे शिकायचे होते. पण घर आणि नोकरी सोडून विद्यापीठात जाणे त्यांना परवडणारे नव्हते. फादरांनी सारागोसा विद्यापीठाशी बोलणी करून त्यांना बहिःस्थ विद्यार्थी म्हणून परीक्षेस बसण्याची सोय करून दिली. दिवसा कारखान्यात काम आणि रात्री अभ्यास, असे करीत ११ जणांनी तांत्रिक अभियांत्रिकीची पदवी मिळविली. त्याच वेळी अभ्यासवर्गांतून पोपमहाशयांच्या सामाजिक परिपत्रकांवर चर्चा चाले. श्रमाला भांडवलाहून अधिक मोल असावे, हा विचार त्या तरुणांच्या मनात रुजत गेला. कारखान्याच्या भांडवलात कामगारांना वाटा मिळावा, अशी मागणी त्यांनी मालकांपुढे मांडली. ती फेटाळली गेली, तेव्हा नवी वाट शोधणे भाग पडले.

उसातोरे, लार्रान्यागा, गोर्रोन्योगोइतिया, ओर्माएचेआ आणि ओर्तुबाय या पाच जणांनी १९५५ साली नोकरी सोडण्याचे ठरविले. काय तयार करावयाचे, हे अद्याप नक्की नव्हते. तरीही ते मित्र, नातलग आणि परिचितांकडे गेले, आणि सुमारे १०० लोकांनी मिळून जवळजवळ १ कोटी १० लाख पेसेता त्यांना देऊ केले. त्या काळच्या कामगारवस्तीच्या दृष्टीने ही प्रचंड रक्कम होती. शाळेला दिले होते ते दान. हे मात्र कर्ज होते. परंतु या कर्जाला तारण होते ते केवळ माणसांवरील विश्वासाचे, आणि तो विश्वास त्या पेट्यांच्या दिवसांपासून बारा वर्षे मुरलेला होता.

नव्या उद्योगाला सरकारी परवाना मिळणे त्या काळी अत्यंत दुर्घट असल्याने त्यांनी वितोरिया शहरातील एक बुडालेला धंदा परवान्यासह विकत घेतला आणि रॉकेलच्या शेगड्या बनविण्यास आरंभ केला. पाच आडनावांच्या आद्याक्षरांवरून उद्योगाचे नाव पडले 'उल्गोर'. १४ एप्रिल १९५६ रोजी मोंद्रागोन येथे त्यांच्या कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली व फादरांनी तिला आशीर्वाद दिला. काम करणारा प्रत्येक सभासद मालक, प्रत्येकाला एक मत, आणि सर्वांत अधिक वेतन सर्वांत कमी वेतनाच्या तिपटीहून जास्त नाही, असे त्यांचे नियम ठरले.

१९५९ साली फादरांनी सहकारी बँकेची कल्पना मांडली. संस्थापकांना ती प्रथम पटली नाही. कालपर्यंत यंत्रावर काम करणाऱ्यांनी बँक कशी चालवावी? पण 'काहा लाबोराल पोपुलार' उभी राहिली, आणि लोकांच्या लहान-लहान ठेवींतून नव्या उद्योगांना भांडवल मिळू लागले. या बँकेची पद्धत अभ्यासनीय आहे. एकट्या माणसाला नव्हे, तर गटाला मदत दिली जाई. गटाने आपल्यातून व्यवस्थापक निवडावा. योजनेचा अभ्यास होईपर्यंत बँक त्याच्या वेतनाची तजवीज करी आणि एक अनुभवी मार्गदर्शक त्याच्या पाठीशी उभा राही. याच विचारातून १९६६ साली 'आलेकोप' ही संस्था निघाली. तेथे विद्यार्थी अर्धवेळ काम करून शिक्षणाचा खर्च भागवीत आणि शिकत असतानाच संस्थेचा कारभारही पाहत.

ही कथा निव्वळ यशाची नाही. १९७४ साली उल्गोरमध्ये संप झाला आणि काही सभासदांना काढून टाकण्यात आले. २०१३ साली तर उल्गोरचाच वारसा सांगणारा घरगुती उपकरणांचा उद्योग दिवाळखोरीत निघाला. अनेक सभासदांना भगिनीसंस्थांनी सामावून घेतले. तरीही कित्येकांची गुंतविलेली बचत बुडाली. सद्हेतू हा ताळेबंदाला पर्याय होऊ शकत नाही, हा धडा कडू असला तरी तो सांगितलाच पाहिजे. मात्र एक कारखाना बुडाला म्हणून सारी चळवळ बुडाली नाही. मोंद्रागोनच्या सहकारी समूहात आज सुमारे ७० हजार लोक काम करतात, आणि १९९७ साली तेथे विद्यापीठही स्थापन झाले. फादर २९ नोव्हेंबर १९७६ रोजी निवर्तले. अखेरपर्यंत ते साहाय्यक धर्मगुरूच राहिले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'आदरणीय' म्हणून घोषित केले.

आपणाला हा मार्ग अगदी परका नाही. वसईच्या कॅथॉलिक सहकारी बँकेचे बीज १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूनेच रोवले. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याची सुटका व्हावी, म्हणून आपल्या पूर्वजांनी एकमेकांवर विश्वास टाकला. तोच विश्वास आज आपल्या सुशिक्षित मुलांवर टाकण्याची वेळ आली आहे.

प्रभू येशूने सांगितलेल्या मोहरांच्या दाखल्यातील तिसऱ्या चाकराने धन्याची रक्कम उधळली नव्हती. त्याने ती सुरक्षित पुरून ठेवली होती, आणि दोष आला तो नेमका त्याच्याच वाट्याला. आपल्या मुलांच्या शिक्षणावर आपण जे पेरतो, ते पदवीच्या दिवशी पुरून टाकायचे, की आणखी एक पाऊल त्यांच्याबरोबर चालायचे? हिशेब चोख ठेवावा, गट पारखून घ्यावा, अनुभवी माणूस पाठीशी द्यावा. पण चौकात पेटी मात्र ठेवावी. चिठ्ठी टाकणारे हात आपल्या धर्मग्रामांतही आहेत.