दाबू-दाबू

इंडोनेशियाच्या उत्तर सुलावेसी प्रांतात, विशेषतः मानाडो शहरात आणि मिनाहासा भागात, माशांबरोबर वाढले जाणारे ताजे, झणझणीत तोंडीलावणे. सांबालांच्या मोठ्या कुळात त्याची गणना होते. मात्र जावा बेटावरचे बरेचसे सांबाल दगडी खलात वाटतात आणि त्यांत आंबवलेल्या जवळ्याची तेरासी घालतात. नेहमीच्या दाबू-दाबूला वाटण नाही आणि तेरासीही नाही. सगळे जिन्नस कच्चेच, सुरीने चिरलेले असतात.

बारीक, जहाल मिरच्या, लहान लाल कांदे, टोमॅटो, मीठ आणि 'लेमोन चुई' या इवल्याशा सुवासिक लिंबाचा रस एवढ्यावर ते होते. हेच लिंबू फिलिपिन्समध्ये कलामान्सी म्हणून ओळखतात. टोमॅटो लाल चालतो, कच्चा हिरवाही चालतो. काही घरांत लिंबाच्या वासाची तुळस, केमांगी, खुडून घालतात. काही जण वरून कडकडीत तेल ओततात. मिरचीचा तिखटपणा पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतो, त्यामुळे तो सगळ्या मिश्रणात पसरतो आणि कांद्याचा उग्रपणाही निवतो. मीठ लागताच टोमॅटोला पाणी सुटू लागते, म्हणून हे जेवायच्या वेळीच कालवावे. शिळ्या दाबू-दाबूत करकरीतपणा उरत नाही, आणि खरी चव त्यातच आहे.

निखाऱ्यावर भाजलेल्या माशाशी त्याची जोडी पक्की आहे. बितुंग बंदरात उतरणारा चाकालांग हा कुपा वर्गातला मासा मानाडोकरांचा विशेष आवडता. तो चिरून, बांबूच्या चौकटीत बसवून धुरावर सुकवला की 'चाकालांग फुफू' होतो. धुरकट, घट्ट मांसाला लिंबाचा आंबटपणा हवाच असतो. धुरावलेल्या रोआ माशाचा चुरा घातलेला किंवा बाकासांग हा आंबवलेल्या माशाचा खारट रस मिसळलेला प्रकारही मिनाहासात आहे.

मिरची आणि टोमॅटो दोन्ही मूळचे अमेरिकेचे. 16व्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात मिरची आणली. त्याच शतकात पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजे पूर्व इंडोनेशियाच्या मसाल्यांच्या बेटांवरही पोहोचली होती.

शेजारच्या मालुकू बेटांवरचे चोलो-चोलो याच घडणीचे आहे. त्यात अनेकदा गोड सोया सॉस पडतो. मिक्सरमधून काढलेल्या लगद्याला मात्र दाबू-दाबू म्हणू नये.